तेरा वर्षांचा पिचर: रडार गनच्या आकड्यापलीकडे काय मोजायचं?

सह्यवेडी

नमस्कार मंडळी. आम्ही अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. मुलगा १३ वर्षांचा आहे, येत्या एप्रिलमध्ये १४ पूर्ण करेल. लहानपणापासून बेसबॉल खेळतोय आणि गेली काही वर्षं पिचर (चेंडू फेकणारा) म्हणूनच. यंदा १४ वर्षांखालच्या संघात गेला, त्यामुळे माउंड (पिचर जिथून फेकतो तो मातीचा उंचवटा) ५४ फुटांवरून एकदम ६० फूट ६ इंचांवर आलाय.

मागच्या शनिवारी त्याला एका शोकेसला (मुलांच्या चाचण्या घेऊन आकडे काढतात तो कार्यक्रम) नेलं होतं. घरी आल्यावर ई-मेलने अहवाल आला. फास्टबॉल ताशी ६८ मैल. स्पिन मिनिटाला १६५० फेरे, त्यापुढे लाल अक्षरांत 'सरासरीपेक्षा कमी'. ६० यार्ड धाव ८.२ सेकंद. मग उभी उडी, पकडीचं बळ वगैरे, आणि शेवटी गटातला क्रमांक, तो खालच्या निम्म्यात. पोरगा तेव्हापासून त्या लाल शेऱ्यावरच अडकलाय.

त्याच्या प्रशिक्षकांचं म्हणणं, हिवाळाभर वजनदार चेंडूंचा कार्यक्रम करू, वेग वाढेल. नवरा सोलापूरला क्रिकेट खेळत वाढलाय. त्याचंही मत असं की जोरात टाकायची सवय याच वयात लागते. मला मात्र त्या कोपराची काळजी वाटते. या वयात नक्की कोणते आकडे बघायचे? स्काउट लोक (संघांसाठी खेळाडू हेरणारे) काय बघतात? आणि हे वजनदार चेंडू करावेत का? ज्यांची मुलं यातून गेलीत किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

गणिती_गोलंदाज

स्पिनबद्दल आधी सांगतो, कारण तो लाल शेरा चुकीचा आहे आणि मुलाला आजच सांगण्यासारखं आहे.

स्पिन वेगाबरोबर वाढतो. त्यामुळे नुसते फेरे बघून काहीच कळत नाही, फेऱ्यांना वेगाने भागायचं. मेजर लीगमधला (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) सरासरी फोर-सीम फास्टबॉल (नेहमीचा सरळ वेगवान चेंडू) ताशी ९४ मैलांच्या आसपास असतो आणि त्याचा स्पिन साधारण २३००. भागाकार येतो २४.५. तुमच्या मुलाचे १६५० भागिले ६८, म्हणजे २४.३. प्रमाण तेच आहे. वेग वाढेल तसा स्पिनही वाढेल. हे प्रमाण सरावाने फारसं हलत नाही, त्यामुळे मुलाने त्यामागे लागण्यात अर्थ नाही. अहवाल बनवणाऱ्यांनी सगळ्या वयांची मुलं एकाच तक्त्यात बसवलेली दिसतात.

ठाणे_टू_टेक्सास

गन कुठे धरली होती तेही विचारा. हातातून सुटताना चेंडूचा जो वेग असतो त्यातला आठेक टक्के प्लेटपर्यंत (बॅटरजवळची पाटी) जाईतो हवेत संपतो. आजची रडार यंत्रं सुटतानाचा वेग पकडतात, जुन्या गन पुढचा पकडायच्या. शिवाय गन चेंडूच्या रेषेत हवी. बाजूला २० अंशांवर उभं राहून मोजलं तर ६८ चे ६४ दिसतात. मैदानावर पालक कुंपणापाशी कुठेही उभे राहून मोजतात आणि मग दोन मुलांची तुलना करतात, त्यात काही तथ्य नसतं.

डगआउट

मी डॅलसजवळ एका हायस्कूल संघाला मदत करतो, शिवाय स्काउट मंडळींच्या शेजारी बसून बरेच सामने बघितलेत. जरा सविस्तर लिहितो.

स्काउटची पट्टी २० ते ८० असते. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, आणि दर दहा गुण म्हणजे एक पायरी वर किंवा खाली. पण प्रत्येक कौशल्याला दोन गुण देतात: आजचा आणि पुढचा. सतराव्या वर्षीसुद्धा चांगल्या मुलाचा आजचा गुण ३० किंवा ३५ असू शकतो. स्काउटची खरी कमाई दुसऱ्या रकान्यात असते. हा मुलगा विशीत गेल्यावर कसा दिसेल, याचा तो अंदाज आहे. तुमच्या शोकेसने फक्त पहिला रकाना भरून पाठवलाय.

हा दुसरा रकाना भरायला स्काउट मंडळी सामन्याच्या तासभर आधी येऊन बसतात. मुलगा नुसती झेलाझेली करतो तेव्हा हात कसा फिरतो ते बघतात. खांदे किती रुंद आहेत, मनगटं-पावलं शरीराच्या मानाने मोठी आहेत का, आई-वडील किती उंच आहेत, हेही टिपतात. बंट (बॅट न फिरवता हळूच ढकललेला चेंडू) आला की पिचर माउंडवरून कसा उतरतो, वळून पहिल्या बेसला कसा फेकतो, हे तर फार महत्त्वाचं. पिचिंग रोज घोटलेलं असतं, बंटवर धावणं कोणी घोटत नाही, त्यामुळे मुलाची अंगभूत चपळाई तिथे दिसते.

न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेरा या गाजलेल्या पिचरचं उदाहरण घ्या. पनामात तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता. संघाच्या पिचरची फजिती झाली म्हणून एकदा माउंडवर गेला आणि १९९० मध्ये यांकीजने त्याला घेतलं. तेव्हा त्याचा वेग आजच्या चांगल्या हायस्कूल पिचरइतकाच होता. स्काउटला आवडलं ते त्याचं चपळ शरीर आणि विनासायास सुटणारा हात. जेकब डीग्रॉमही स्टेटसन विद्यापीठात शॉर्टस्टॉप होता, पिचिंग २०१० साली सुरू केलं, त्याच वर्षी मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) नवव्या फेरीत निवड झाली, आणि पुढे २०१८ व २०१९ चे साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचे) पुरस्कार घेतले. पॉल स्कीन्स कॉलेजच्या सुरुवातीला कॅचरही (प्लेटमागे चेंडू झेलणारा) होता. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवड.

तेराव्या वर्षी यांच्यापैकी कोणालाही पिचिंगच्या तक्त्यावर मोजलं असतं तर काय शेरा मिळाला असता? म्हणून मुलाला दुसऱ्या जागांवरही खेळू द्या. बास्केटबॉल आवडत असेल तर हिवाळ्यात तोच खेळू दे.

एक गोष्ट तुम्ही स्वतः मोजू शकता. त्याच्या इनिंगनंतर माउंडवर जा आणि पुढचा पाय पडतो तिथली माती बघा. दहा-बारा फेकींनंतर तिथे एकच खोलगट खड्डा दिसला तर पाय दर वेळी त्याच जागी पडतोय. हातभर रुंदीत पाच-सहा ओरखडे दिसले, तर शरीर दर फेकीला वेगळ्या रस्त्याने जातंय, मग चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही. स्पाइकच्या खुणा सगळं सांगतात. पाऊल किती लांब पडतं तेही टेपने मोजा, चांगल्या पिचरचं पाऊल उंचीच्या ८० टक्क्यांच्या पुढे असतं.

फिजिओ_नाशिककर

डगआउट यांच्या प्रतिसादाला +१. मी न्यू जर्सीत फिजिओथेरपिस्ट आहे, फेकणारे खेळाडू रोज बघते. शरीराच्या बाजूने लिहिते.

या वयात पहिलं मोजमाप उंचीचं. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकून. उभ्या उंचीबरोबर बसलेली उंचीही लिहा. पाय आधी वाढतात, धड मागून. या दोन आकड्यांवरून वाढीचा सर्वांत वेगवान काळ येऊन गेला की यायचाय याचा अंदाज बांधता येतो. अहवालात ज्या मुलांशी तुलना केलीय त्यातली निम्मी मुलं कदाचित वर्षभरापूर्वीच त्यातून गेली असतील. ओठांवर लव असलेला १६४ पौंडी मुलगा आणि अजून आवाज न फुटलेला मुलगा जन्मतारखेने सारखे असले तरी हाडांनी सारखे नसतात. आपल्याकडे बीसीसीआय १६ वर्षांखालच्या स्पर्धांसाठी हाडांचं वय तपासते ते वयचोरी पकडायला, पण त्यामागचं शास्त्र हेच आहे.

दुसरं, कोपर. वाढत्या हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चा असते. मोठ्या माणसाचा अस्थिबंध फाटतो, या वयात अस्थिबंधापेक्षा ती कूर्चा कमजोर असते, म्हणून आधी तीच ओढली जाते. कोपराच्या आतल्या बाजूचं हाड दाबल्यावर दुखलं तर 'स्नायू आखडलाय' म्हणून सोडायचं नाही. फेकणं त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टरांकडे. खांद्याच्या वरच्या भागात दुखलं तरी तेच.

वजनदार चेंडूंबद्दल: २०१८ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या पिचरांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांचा कार्यक्रम होता, चेंडू २ ते ३२ औंसांचे (नेहमीचा चेंडू ५ औंसांचा). वेग सरासरी ३.३ टक्के वाढला. पण त्या गटातल्या जवळपास पाव मुलांच्या कोपराला दुखापत झाली, आणि जो गट नेहमीचाच सराव करत होता त्यात एकालाही नाही. खांदा मागे वळण्याची मर्यादा त्या सहा आठवड्यांतच वाढली होती, म्हणजे हात जास्त मागे जायला लागला होता पण त्याला सांभाळणारं बळ तेवढं आलं नव्हतं. ६८ चे ३.३ टक्के म्हणजे दोन-सव्वादोन मैल. तेवढे तर तो वर्षभरात नुसता उंची वाढून मिळवेल. मी तेराव्या वर्षी नाही म्हणेन, आणि ठामपणे म्हणेन.

बे_एरिया_बाबा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. वरचे सगळे प्रतिसाद पटतात, पण मुलाला खोटी आशाही देऊ नये. माझा मोठा मुलगा कॉलेजात पिचर आहे, तिसऱ्या श्रेणीच्या संघात. भरतीच्या वेळी बघितलं, कॉलेजचे प्रशिक्षक यादी वेगावरच चाळतात. कमांड (हवा तिथे चेंडू टाकण्याची हातोटी) कितीही चांगली असो, आकडा कमी असला तर व्हिडिओ उघडतच नाहीत. आमच्या ओळखीतला एक मुलगा प्लेटच्या कोपऱ्यांवर सुरेख टाकायचा, त्याला कोणी विचारलं नाही. वेगाकडे दुर्लक्ष करून चालेल असं कोणी समजू नये.

तुम्ही अटलांटाचे, म्हणजे अटलांटा ब्रेव्हजच्या ग्रेग मॅडक्सचं नाव कोणीतरी काढेलच. १९९२ ते ९५ सलग चार साय यंग, ३५५ विजय, आणि सगळं अचूकतेच्या जोरावर. पण तो काळ गेला.

डगआउट

बे_एरिया_बाबा, वेग लागतो हे खरंच, त्याला मी विरोध करणार नाही. प्रश्न कधी लागतो हा आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या कॉलेजचे बेसबॉल प्रशिक्षक अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. हा मुलगा आठवीत असणार. म्हणजे ज्या यादीत नाव यायला हवं ती यादी तयार व्हायला अजून अडीच-तीन वर्षं आहेत. आज ६८ आहेत की ७२ हे तेव्हा कोणी विचारणार नाही. तेव्हा कोपर शाबूत आहे का, हे मात्र विचारतील.

कुमार रॉकर या पिचरचं बघा. त्याची आई भारतीय वंशाची, त्यामुळे आपल्या लोकांना नाव माहीत असेल. २०१९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउटसह (पिचरने फेकीवरच बाद केलेले बॅटर) नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला. २०२१ मध्ये मेट्सनी दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतला, २०२३ मध्ये टॉमी जॉन (कोपराच्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झाली, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मेजर लीगमध्ये उतरला. वेग, फेक, शरीर, सगळं होतं, करार अडला तो तपासणीच्या कागदावर.

मेजर लीगने स्वतः डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. वेगाचा पाठलाग आणि प्रत्येक फेक पूर्ण ताकदीने टाकणं ही मुख्य कारणं म्हणून दिलीत, आणि हे लोण शाळकरी मुलांपर्यंत पोचल्याचंही त्यात आहे.

सह्यवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. गणिती_गोलंदाज, तो भागाकार मुलाला करून दाखवला. त्याने मग आपणहून त्याच्या आवडत्या सगळ्या पिचरांचे भागाकार काढले.

काही माहिती राहिली होती. तो पिचिंग झाल्यावर बऱ्याचदा कॅचर म्हणून उभा राहतो, आणि शाळेच्या संघातही खेळतो, म्हणजे संघ दोन. उंची ५ फूट ३ इंच, नवरा ५ फूट १० इंच. कमांडचं म्हणाल तर माउंड लांब गेल्यापासून बरेच चेंडू खाली पडतात.

फिजिओ_नाशिककर

दोन संघ आणि वर कॅचर, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. वेग राहू दे, आधी हे सोडवा.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. १३-१४ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ फेकी. २० पर्यंत टाकल्या तर दुसऱ्या दिवशी टाकू शकतो, २१ ते ३५ ला एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार. वर्षात १०० इनिंगपेक्षा जास्त नाही. वर्षातले किमान चार महिने फेकण्यापासून सुट्टी, त्यातले दोन-तीन सलग. आणि पिचरने कॅचर होऊ नये, कारण कॅचरसुद्धा प्रत्येक चेंडू परत फेकत असतो. १०० चा आकडा उगाच आलेला नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने मुलांच्या पिचिंगचा दहा वर्षं पाठपुरावा केला, त्यात वर्षाला १०० इनिंगपेक्षा जास्त टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला.

दोन प्रशिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे हिशेब आईनेच ठेवायचा. एक वही करा: तारीख, संघ, फेकी, दुसऱ्या दिवशी हात कसा होता. प्रशिक्षकांनी 'अजून एक इनिंग' म्हटलं तर वही दाखवा. प्रशिक्षक रागावले तर रागावू देत.

त्याच्या बापाला सांगा, जोरात टाकायची सवय लावायला माझी ना नाही, ताजा हात असताना थोड्या फेकी जोरात टाकू दे. थकलेल्या हाताने टाकणं वाईट.

ठाणे_टू_टेक्सास

एप्रिलचा जन्म म्हटलात ना? ट्रॅव्हल बॉलमध्ये (शाळेबाहेरच्या, गावोगावी खेळणाऱ्या संघांत) वयाची सीमा एप्रिलअखेरीस असते. म्हणजे मेमध्ये जन्मलेली मुलं त्याच गटात त्याच्याहून जवळपास वर्षाने मोठी आहेत. खालच्या निम्म्यातला क्रमांक निम्मा तिथेच समजला.

गणिती_गोलंदाज

आणि चेंडू खाली पडण्याबद्दल: ५४ फुटांची सवय असलेला हात साडेसहा फूट जास्त अंतरावर तसाच टाकला तर चेंडू खालीच येणार, गुरुत्वाकर्षणाला वेळ जास्त मिळतो. एक-दोन महिने जाऊ द्या. कमांड मोजायची तर नुसते स्ट्राइक (वैध चौकटीतून गेलेले चेंडू) मोजू नका. फेकीआधी कॅचरने ग्लोव्ह कुठे धरला होता आणि झेलताना तो किती हलला, ते बघा. वहीत तीनच खुणा: हलला नाही, थोडा हलला, लांब गेला. महिन्याभराने त्या खुणा आपोआप बोलायला लागतात.

खानदेशी_मास्तर

धागा फार उपयोगी आहे. मी खानदेशात शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे सॉफ्टबॉल जुना, बेसबॉल त्यामागून आला. मुलं काटक आहेत, हात चांगले आहेत, पण रडार गन नाही, फोर्स प्लेट (पायाचा जोर मोजणारी पाटी) नाही, माउंडसुद्धा मातीचा आम्हीच घातलाय. रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू नव्हे) आणि दिनेश पटेल यांना २००८ च्या 'मिलियन डॉलर आर्म' या चेंडूफेक स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सनी घेतलं, ते दोघे मुळात भालाफेकपटू होते, क्रिकेटवाले नव्हते. तेव्हापासून मी भालाफेक आणि हँडबॉलच्या पोरांकडे वेगळ्या नजरेने बघतो. प्रश्न असा की नुसता टेप, स्टॉपवॉच आणि मोबाइल असताना काय मोजता येईल?

डगआउट

मास्तर, तुमची नजर बरोबर जागी आहे. भालाफेकीत कंबर आधी वळते, छाती मागून, हात सगळ्यात शेवटी. पिचिंगमध्ये हाच क्रम लागतो. ज्याच्यात तो उपजत आहे त्याला बाकीचं शिकवता येतं.

टेपवर तीन गोष्टी करा. एक, जागेवरून लांब उडी. दोन, एका पायावरून आडवी उडी, दोन्ही बाजूंना. कॉलेज खेळाडूंवरच्या एका अभ्यासात पायांच्या बऱ्याच चाचण्या घेतल्या होत्या, त्यात फेकीच्या वेगाशी नातं दिसलं ते याच आडव्या उडीचं. साहजिक आहे, पिचर माउंडवरून आडवाच निघतो. तीन, मेडिसिन बॉल कमरेपासून वळून बाजूला फेकणं. नसेल तर जुन्या व्हॉलीबॉलमध्ये वाळू भरून शिवून घ्या, फक्त सगळ्या मुलांना वजन एकच द्या. या तिन्हींचे आकडे दर तीन महिन्यांनी आणि त्या मुलाच्या स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी ताडायचे.

स्ट्राइक झोनसाठी दोन बांबू आणि सुतळी पुरते. आडव्या दोन सुतळ्या, गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर, उभ्या दोन प्लेटच्या रुंदीएवढ्या, म्हणजे १७ इंचांवर.

गणिती_गोलंदाज

वेगही मोबाइलवर निघतो, मास्तर. सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असलेला फोन कोणाकडे तरी असेलच. चेंडू हातातून सुटतो ती फ्रेम आणि ग्लोव्हमध्ये शिरतो ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा. समजा १३२ आल्या. १३२ भागिले २४० म्हणजे ०.५५ सेकंद. हात सुटण्याच्या जागेपासून ग्लोव्हपर्यंतचं अंतर टेपने १७ मीटर आलं, तर १७ भागिले ०.५५ म्हणजे सेकंदाला ३०.९ मीटर, ताशी १११ किलोमीटर. हा वाटेतला सरासरी वेग झाला, सुटतानाचा त्याहून चार-पाच टक्के जास्त, म्हणजे ११६ च्या जवळपास, मैलांत ७२. एक-दोन फ्रेमची चूक झाली तरी उत्तर एखाद-दीड टक्क्यानेच हलतं.

अंतर मात्र माउंडच्या पट्टीपासून (पिचर मागचा पाय टेकवतो ती) मोजू नका. हात सुटतो तो पट्टीच्या बराच पुढे, उंच मुलगा आणखी पुढे. पुढचा पाय पडतो त्या खुणेपासून टेप धरा. फोन हातात धरू नका, विटांवर टेकवा, तिसऱ्या बेसच्या बाजूने इतका लांब की सुटणारा हात आणि ग्लोव्ह दोन्ही एकाच चौकटीत येतील.